विद्यापीठाची नवी शैक्षणिक इमारत : गरज मोजण्यापासून ताबा घेण्यापर्यंतचा क्रम

विद्यापीठांच्या आवारात अर्ध्यावर थांबलेले सांगाडे दिसतात, तेव्हा ‘निधी संपला’ हे ठरलेले उत्तर मिळते. फाइल उघडून पाहिली तर क्रम चुकलेला असतो. आधी वास्तुविशारदाकडून रंगीत चित्र येते. मग त्या चित्राला शोभेल अशी गरज लिहिली जाते, गरजेला साजेसा खर्च मांडला जातो आणि सर्वांत शेवटी पैसे कुठून येणार याचा शोध सुरू होतो. हा लेख त्याच्या उलट, म्हणजे गरजेपासून सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ज्या विद्यापीठांना लागू आहे ती डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. विभागप्रमुख, विद्यापीठ अभियंता, वित्त व लेखा अधिकारी आणि व्यवस्थापन परिषदेचे सदस्य यांनी तो एकत्र बसून वाचला तर जास्त उपयोगी पडेल, कारण घोळ बहुधा या चौघांच्या मधल्या जागेत होतो.

## सुरुवातीआधी : समन्वयक एकच असावा

प्रत्येक टप्प्याला वेगळी समिती नेमण्याची आपली सवय आहे. समित्या हव्यातच, पण फाइल पहिल्या दिवसापासून शेवटच्या देयकापर्यंत एकाच माणसाच्या नावावर असू द्या. हा समन्वयक शक्यतो निवृत्तीला किमान पाच वर्षे शिल्लक असलेला नियमित अधिकारी असावा. कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि मोठी इमारत सहज दोन कुलगुरूंच्या काळात विभागली जाते. समन्वयकही मध्येच बदलला, तर तोंडी ठरलेल्या सगळ्या गोष्टी हवेत जातात.

त्याच्यासोबत ज्या विभागासाठी इमारत आहे तिथला एक प्राध्यापक, अभियांत्रिकी कक्षाचा एक अभियंता, लेखा विभागाचा एक माणूस आणि जमिनीची कागदपत्रे सांभाळणारा एक माणूस द्या. विभागाचा प्रतिनिधी म्हणून विभागप्रमुखच हवा असे नाही. प्रयोगशाळेत रोज उभा राहणारा हवा.

## टप्पा १ : गरज मोजा

‘वर्ग कमी पडतात’ हे वाक्य प्रस्तावात लिहिण्याआधी असलेल्या खोल्या किती वापरल्या जातात ते मोजा. वेळापत्रकावरून मोजू नका; वेळापत्रकात प्रत्येक खोली भरलेलीच असते. सत्र सुरू होऊन महिनाभर झाल्यावर सलग दोन आठवडे, दर तासाला कोणी तरी फिरून खोली उघडी आहे का आणि आत किती विद्यार्थी आहेत याची नोंद करा.

दोन आकडे काढायचे. आठवड्याच्या ४० तासांपैकी खोली किती तास वापरात होती, हा पहिला. वापरात असताना किती आसने भरलेली होती, हा दुसरा. एखादा वर्ग १८ तास वापरात असेल तर तो ४५ टक्के झाला. त्या १८ तासांत निम्मीच आसने भरत असतील, तर खरा वापर साडेबावीस टक्के. असे दहा वर्ग हातात असताना अकरावा बांधायला निधी मागणे अवघड आहे, आणि अवघडच असायला हवे. पुष्कळदा कळते ते असे की वर्ग पुरेसे आहेत. कमतरता आहे ती प्रयोगशाळांची, किंवा वीस-पंचवीस जणांच्या छोट्या खोल्यांची, किंवा तीनशे जणांची परीक्षा घेता येईल अशा एका सभागृहाची. या तिन्हींच्या इमारती अगदी वेगवेगळ्या होतात.

पुढच्या दहा वर्षांची विद्यार्थिसंख्या मांडताना मंजूर प्रवेशक्षमता आणि प्रत्यक्ष प्रवेश असे दोन रकाने करा. शिक्षकांची मंजूर पदे आणि भरलेली पदे यांचेही तसेच. मंजूर पदे धरून केबिन बांधायच्या आणि मग त्यांत जुनी कपाटे ठेवायची, हे थांबवायचे असेल तर ते इथेच थांबते.

खबरदारी : विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात आणि विद्या परिषदेच्या निर्णयांत नसलेल्या अभ्यासक्रमासाठी खोल्या मागू नका. पुढे कोणत्याही अनुदानाच्या छाननीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तपासा : गरजपत्रक दोन पानांत बसते का? बसत नसेल, तर त्यात अजून इच्छा आणि गरज एकत्र आहेत.

## टप्पा २ : गरजेचे क्षेत्रफळ करा

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे थांबू.

विभाग खोल्यांची यादी देतो, त्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज होते आणि ती बेरीजच इमारतीचे क्षेत्रफळ म्हणून पुढे जाते. त्या बेरजेत जिने, व्हरांडे, स्वच्छतागृहे, लिफ्ट, विजेची खोली, शाफ्ट आणि भिंतींची जाडी नसते. शैक्षणिक इमारतीत प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र हे एकूण बांधीव क्षेत्राच्या साधारण ६० ते ६५ टक्के निघते. प्रयोगशाळा जास्त असतील तर त्याहून कमीही.

उदाहरणार्थ, एका विभागाची यादी अशी आहे असे समजू :

- ६६ चौरस मीटरचे ६ वर्ग : ३९६
- ६६ चौरस मीटरच्या ४ प्रयोगशाळा : २६४
- १३२ चौरस मीटरची २ परिसंवाद सभागृहे : २६४
- १० चौरस मीटरच्या २० केबिन : २००
- कार्यालय, भांडार, बैठकीची खोली : ७६

एकूण १,२०० चौरस मीटर. ६० टक्क्यांचे प्रमाण धरले तर बांधावे लागेल २,००० चौरस मीटर. ज्याने १,२०० वर खर्च काढला, त्याच्या प्रस्तावात आठशे चौरस मीटर बिनपैशाचे आहेत. पुढे हीच तूट भरून काढताना एखादा मजला किंवा लिफ्ट गळते.

यादीतल्या प्रत्येक खोलीपुढे क्षेत्रफळाबरोबर आणखी काही गोष्टी लिहा : छताची उंची, वजन, पाणी, वीज, वायुवीजन. वजनाचा रकाना हमखास रिकामा राहतो. आयएस ८७५ या इमारतींवरील भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार वर्गाच्या स्लॅबसाठी ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर इतका भार धरतात. ग्रंथालयात पुस्तकांच्या घोड्यांसाठी (रॅक) २.२ मीटर उंचीपर्यंत तो ६ धरावा लागतो आणि त्यापुढे उंचीनुसार वाढतो. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या दोन वर्गांत विभागाचे ग्रंथालय करू’ असे इमारत उभी राहिल्यावर ठरले, तर ते घोडे तिथे ठेवता येत नाहीत. जड यंत्रे आणि कंपनाला नाजूक असलेली उपकरणे तळमजल्यावर जातील, हेही याच यादीत ठरते.

तपासा : प्रत्येक खोलीपुढे ती वापरणाऱ्या माणसाची सही आहे का? नंतर ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ असे म्हणणारे बरेच भेटतात.

## टप्पा ३ : जागा पक्की करा

आवार शेकडो एकरांचे असले तरी बांधता येईल अशी जागा कमीच असते. पुढील गोष्टी कागदावर तपासून मगच खुणा करा.

मालकी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका विद्यापीठाच्या नावावर आहे का? शासनाने दिलेली जमीन असेल तर मूळ आदेशातल्या अटी वाचा. मोजणीचा नकाशा जुना असेल तर पुन्हा मोजणी करून घ्या.

विकास योजना. आवारातून विकास योजनेतला रस्ता किंवा आरक्षण जाते का, हे नियोजन प्राधिकरणाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर पाया खणू नका.

उंची आणि परिसर. विमानतळाजवळच्या आवारात, उदाहरणार्थ मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात, उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परवानगी हा सुरुवातीचाच प्रश्न आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

झाडे. नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. झाडांची गणना नकाशावर टाकून इमारत सरकवता येते का ते आधी पाहा. परवानगी मिळायला लागणारा वेळ आणि विद्यार्थ्यांचा विरोध, दोन्ही त्यामुळे कमी होतात. विरोध बहुतेक वेळा रास्तही असतो.

जमीन. माती तपासणीचे बोअर संरचना आराखड्याच्या आधी घ्या. मराठवाडा आणि विदर्भात काळ्या कापसाच्या जमिनीची जाडी एकाच प्लॉटवर बदलते; शेजारच्या इमारतीचा जुना अहवाल वापरून चालत नाही. खाली खडक किती खोल आहे यावर पायाचा खर्च ठरतो, आणि तो अंदाजपत्रकात ‘ठोक’ लिहिला की निविदेनंतर वाद ठरलेला.

सेवा. जलवाहिनी, मलनिस्सारण आणि वीज त्या जागेपर्यंत किती अंतरावर आहे? आवाराच्या टोकाची मोकळी जागा फुकट वाटते. तिथवर केबल आणि पाइप नेण्याचा खर्च पाहिला की ती महाग पडते.

## टप्पा ४ : खर्च पूर्ण मांडा

बांधकामाचा खर्च हा प्रकल्पाच्या खर्चाचा एक भाग आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून निघालेल्या आकड्यावर थांबू नका. पुढच्या ओळी स्वतंत्र लिहा :

1. स्थापत्य काम, दरसूचीनुसार. दरसूचीतल्या दरात जीएसटी धरला आहे की नाही ते तिच्या टिपणीत वाचा.
2. जीएसटी. कामाच्या कंत्राटावर १८ टक्के. १० कोटींच्या कामावर १ कोटी ८० लाख होतात. ही ओळ विसरलेले प्रस्ताव आजही दिसतात.
3. बांधकाम कामगार कल्याण उपकर, १ टक्का.
4. अंतर्गत व बाह्य विद्युतीकरण, रोहित्र, जनित्र, लिफ्ट.
5. अग्निशमन यंत्रणा, तिची पाण्याची टाकी आणि पंप.
6. संगणक जाळे, दृक्‌श्राव्य साधने.
7. फर्निचर आणि प्रयोगशाळेचे ओटे.
8. रस्ता, गटार, कुंपण, पर्जन्यजल संधारण, सौर पॅनेल.
9. वास्तुविशारद, संरचना सल्लागार, प्रकल्प व्यवस्थापन आणि त्रयस्थ तांत्रिक तपासणी यांची शुल्के.
10. परवानग्यांची शुल्के.
11. अनपेक्षित खर्चाची तरतूद आणि काम लांबल्यास किंमतवाढ.

सातव्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. फर्निचर ‘नंतर पाहू’ म्हणून सोडले जाते आणि उद्घाटनानंतर विद्यार्थी जुन्या इमारतीतच बसतात.

याच टप्प्यावर दुसरा तक्ता करा : इमारत सुरू झाल्यावर दरवर्षी किती खर्च येईल. वीज, सफाई, सुरक्षारक्षक, लिफ्ट व अग्निशमन यंत्रणेचा देखभाल करार, पाणी, रंगकाम, दुरुस्ती. महावितरणकडे मंजूर मागणी वाढवावी लागली तर स्थिर आकारही वाढतो, खोल्या रिकाम्या असल्या तरी. हा वार्षिक आकडा वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी सही करून स्वीकारलेला हवा. अनुदान इमारतीला मिळते. तिच्या झाडूला आणि दिव्याला सहसा मिळत नाही.

खबरदारी : आकडा मोठा दिसतो म्हणून ओळी गाळू नका. गाळायचे असेल तर क्षेत्रफळ कमी करा आणि दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा या.

## टप्पा ५ : पैशाची रांग लावा

निधीचा स्रोत विचारला की लोक नावे सांगतात. नावांपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या : पैसा किती खात्रीचा, कधी हातात येणार आणि कशावर खर्च करता येणार.

केंद्र आणि राज्य. राज्य विद्यापीठांसाठी रूसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) ही योजना २०१३ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचे रूप पीएम-उषा झाले. तिचा मंजूर कालावधी २०२३-२४ ते २०२५-२६ असा होता. महाराष्ट्रासाठी केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. निवडक बहुविद्याशाखीय विद्यापीठांना १०० कोटींपर्यंत अनुदानाची तरतूद त्यात होती, पण तो सगळा पैसा भिंतींसाठी नसतो. बांधकाम, नूतनीकरण, उपकरणे यांचे रकाने वेगळे असतात. पुढच्या योजनेला अर्ज करताना त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनाच वाचा. मागच्या प्रस्तावाची नक्कल करून पाठवलेले प्रस्ताव तारखांवरूनच ओळखू येतात. दोन हप्त्यांमधले अंतर हे काम थांबण्याचे नेहमीचे कारण आहे. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा येत नाही, आणि केंद्राचा वाटा आला तरी राज्याचा यायला वेळ लागू शकतो.

२०१७ मध्ये स्थापन झालेली उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था, म्हणजे हेफा, कर्ज देते. पण तिची रचना प्रामुख्याने केंद्र सरकारच्या संस्थांसाठी आहे. राज्य विद्यापीठाने तिच्या भरवशावर आराखडा करू नये.

स्वनिधी. हा सर्वांत खात्रीचा, म्हणून तो सर्वांत शेवटी खर्च करायचा असे अनेकांना वाटते. मला उलट वाटते. माती तपासणी, सर्वेक्षण, संरचना आराखडा, परवानग्या यांवर स्वनिधी आधी लावा. तयार प्रस्ताव हातात असेल तर अनुदानाची जाहिरात निघाल्यावर महिनाभरात अर्ज करता येतो. नसेल तर नकाशे होईपर्यंत मुदत जाते. मात्र ठेवींपैकी निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, पारितोषिके अशा विशिष्ट हेतूंच्या रकमा बाजूला काढून मगच ‘शिल्लक’ मोजा.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली कंपन्या शिक्षणावर खर्च करू शकतात. विद्यापीठ स्वतः अंमलबजावणी करणार असेल तर सीएसआर-१ नोंदणी आधी करून ठेवा. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते. चालू, म्हणजे एकाहून अधिक वर्षे चालणारा, प्रकल्प म्हणून मंजूर झाला तरी त्याला सुरुवातीच्या वर्षानंतर तीनच आर्थिक वर्षे मिळतात. म्हणून सीएसआरचा पैसा सांगाड्याला जोडू नका. वेळेत संपणारा, वेगळा दाखवता येणारा भाग द्या : एक प्रयोगशाळा, ग्रंथालयाची साधने, सौर यंत्रणा.

देणगीदार आणि माजी विद्यार्थी. इथे चूक एकच आणि ती पुन्हा पुन्हा होते : नाव आधी लागते, पैसे नंतर येतात, किंवा येतच नाहीत. किती रकमेला काय नाव, किती वर्षांसाठी, उरलेली रक्कम न आल्यास काय, देणगीदाराविषयी पुढे गंभीर वाद झाला तर काय, हे नामकरण धोरण व्यवस्थापन परिषदेकडून आधी मंजूर करून घ्या. कोणी दार ठोठावल्यावर धोरण लिहायला बसलात तर ते त्याच्या मापाचे होते. करारात हप्त्यांच्या तारखा लिहा. बांधकामाच्या प्रगतीशी हप्ते बांधले, तर आपला उशीर हे त्याचे न देण्याचे कारण होते, तारखांशी बांधा. परदेशातून देणगी येणार असेल तर परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० आपल्याला लागू होतो की सूट आहे, हे पैसे स्वीकारण्याआधी ठरवा.

आता या सगळ्याचे तीन रकाने करा : हातात, लेखी मंजूर, चर्चेत. समजा प्रकल्प ३० कोटींचा आहे. स्वनिधीचे ९ कोटी हातात, अनुदानाचे १५ कोटी लेखी मंजूर, आणि सीएसआर व देणग्यांचे ६ कोटी चर्चेत. तर निविदा २४ कोटींची काढा. चर्चेतल्या ६ कोटींना असे भाग द्या की ते आले नाहीत तरी इमारत वापरता येईल.

मग तिमाहीनिहाय तक्ता : कोणत्या तिमाहीत किती देयके येतील आणि तोवर किती पैसा खात्यात असेल. ज्या तिमाहीत तूट दिसते तिथे स्वनिधीतून तात्पुरती उचल देण्याचा ठराव आत्ताच घ्या.

खबरदारी : इमारत टप्प्याटप्प्याने करायची असेल तर पहिला टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, अग्निशमन टाकी पहिल्यातच हवी. वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर उघड्या सोडलेल्या सळ्या काही पावसाळ्यांत गंजतात. पुढचे मजले करायचेच असतील तर पाया आणि स्तंभ त्या वजनाचे करा आणि सळ्यांना संरक्षक लेप व काँक्रीटचे आवरण द्या.

## टप्पा ६ : मान्यतांचा क्रम

प्राथमिक अंदाजपत्रक, इमारत व बांधकामविषयक समिती, वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद आणि प्रशासकीय मान्यता, त्यानंतर सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा. अर्थसंकल्पात तरतूद हवीच, आणि तो मार्चमध्ये अधिसभेपुढे जात असल्याने डिसेंबरपर्यंत आकडा लेखा विभागाकडे पोहोचला पाहिजे. तो हुकला तर वर्ष गेले असे समजा.

केंद्राचे अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधला नियम १३६ छापून भिंतीवर लावा. प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी, मंजूर सविस्तर आराखडा, दरसूचीवर आधारित मंजूर अंदाजपत्रक, त्या वर्षासाठी निधीची तरतूद, निविदा प्रक्रिया आणि कार्यारंभ आदेश, यांच्याशिवाय काम सुरू करता येत नाही. भूमिपूजनाची तारीख या यादीत नाही, हे लक्षात घ्या.

तपासा : ठरावात रक्कम, क्षेत्रफळ, मजले, जागेचा गट क्रमांक आणि लेखाशीर्ष लिहिले आहे का? ‘इमारत बांधण्यास मान्यता देण्यात आली’ एवढ्या ओळीवर लेखापरीक्षक समाधानी होत नाहीत.

## टप्पा ७ : नकाशे आणि परवानग्या

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, २०२० लागू आहे. वास्तुविशारदाला तिच्यावर आधारित क्षेत्र-तक्ता पहिल्या आराखड्यासोबतच मागा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असते आणि मुदतवाढ धरून एकूण चार वर्षे चालते. निधी हप्त्यांनी येणार असेल तर हे घड्याळ लक्षात ठेवा.

उंचीचा निर्णय घाईत घेऊ नका. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत उंच इमारत ठरते. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येकी ३.६ मीटर, म्हणजे १४.४ मीटर. जोत्याचे ६० सेंटिमीटर धरले की नेमके १५. मजल्याची उंची थोडी कमी केली तर अग्निशमनाच्या अटी बदलू शकतात. अग्निशमन अधिकाऱ्यांचे मत नकाशा पक्का होण्याआधी घ्या. राज्याच्या नियमावलीतले वर्गीकरण वेगळे असल्याने दोन्ही ताडून पाहा.

एकूण बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढे जात असेल तर पर्यावरणविषयक पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. तो टाळण्यासाठी एकाच संकुलाचे कागदोपत्री तुकडे करू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला ना बांधकामाची परवानगी मिळू शकते, ना पूर्णत्वाचा दाखला. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार (रॅम्प) १:१२ हवा. ६० सेंटिमीटर जोत्याला ७.२ मीटर लांबी लागते, मधला सपाट भाग वेगळा. नकाशात जागा न ठेवता नंतर लावलेला उतार घसरगुंडी होतो.

खबरदारी : सविस्तर नकाशे गोठवण्याची तारीख जाहीर करा. त्यानंतर भिंत हलवायची असेल तर विभागप्रमुखाने खर्चासह लेखी मागणी करावी. एवढ्यानेच निम्मे बदल थांबतात.

## टप्पा ८ : निविदा

टक्केवारी दराची बी-१ की बाबनिहाय दराची बी-२, हा प्रश्न अभियंत्यावर सोडा. तुम्ही पाहायचे ते हे : परिमाणे नकाशावरून मोजलेली आहेत की अंदाजे? विद्युत, लिफ्ट आणि अग्निशमन एकाच कंत्राटात आहेत की वेगळे, आणि वेगळे असतील तर भिंतीतल्या नळ्या कोण टाकणार? निविदापूर्व बैठकीतल्या प्रश्नांची उत्तरे सर्वांना लेखी गेली का?

अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराची निविदा आली की आनंद होतो. तिथेच दर विश्लेषण मागा आणि शासन निर्णयानुसार अतिरिक्त सुरक्षा अनामत घ्या. खालच्या दराने घेतलेले काम पायापाशी वेगात होते आणि फिनिशिंगला थांबते.

निवडणुकीची आचारसंहिता आणि पावसाळा, दोन्ही पाहून तारखा ठरवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कार्यारंभ आदेश निघाला तर जोते जूनआधी वर येते. मेअखेर खणलेला पाया पावसाळाभर तळे होतो आणि त्यातले पाणी काढण्याचे देयक वेगळे येते.

## टप्पा ९ : काम चालू असताना

बांधकामाची गुणवत्ता हा स्वतंत्र विषय आहे, इथे पैशापुरते बोलू. प्रत्येक चालू देयकासोबत मोजमाप पुस्तिकेची नोंद, काँक्रीटच्या ठोकळ्यांचे २८ दिवसांचे अहवाल आणि त्रयस्थ तपासणीचा शेरा असल्याशिवाय देयक लेखा विभागात घेऊ नका. अहवाल यायचा असेल तर तेवढी बाब रोखून बाकीचे द्या. संपूर्ण देयक अडवले की मजूर साइट सोडतात.

अतिरिक्त बाबींची नोंदवही ठेवा. दर महिन्याला तिची बेरीज अनपेक्षित खर्चाच्या तरतुदीशी ताडून पाहा. तरतूद निम्मी संपली आणि काम निम्मे झाले नाही, तर सुधारित प्रशासकीय मान्यतेची तयारी तेव्हाच सुरू करा. काम संपल्यावर ती मागणे म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप ओढवून घेणे.

केंद्रीय अनुदानावर मिळालेले व्याज विद्यापीठाचे उत्पन्न नसते. सामान्य वित्तीय नियमांनुसार ते परत भरावे लागते. ते धरून फर्निचरचा खर्च भागवण्याचा विचार मनात आणू नका.

## टप्पा १० : ताबा आणि हिशेब

उद्घाटनाची तारीख भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर ठरवा. त्याआधी अग्निशमन विभागाचा अंतिम ना-हरकत दाखला, लिफ्टचा परवाना आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. ताबा घेताना प्रत्यक्ष बांधकामानुसार केलेले नकाशे, यंत्रांची हमीपत्रे, जलरोधक कामाची हमी आणि चाव्यांची यादी घ्या. भिंतीत कोणती वाहिनी कुठून गेली हे दाखवणारा नकाशा नसेल, तर पहिल्या गळतीला अर्धी भिंत फुटते.

उपयोगिता प्रमाणपत्र विहित नमुन्यात पाठवा, इमारत मालमत्ता नोंदवहीत चढवा आणि अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेण्याचे काम एका नावावर टाका. दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर कंत्राटदाराने दोष दुरुस्त करून देण्याच्या मुदतीत, किमान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. त्या पावसाळ्यात जोराच्या सरीनंतर लगेच प्रत्येक मजल्यावर फिरून ओल, तडे आणि तुंबलेली गटारे यांची छायाचित्रांसह यादी करा, ती कंत्राटदाराला पोचपावतीने द्या आणि दुरुस्ती पाहूनच सुरक्षा अनामत सोडण्याच्या टिपणीवर सही करा.